घरची हस्तकला आणि मुलांचे ख्रिस्ती संस्कार

पाच वर्षांच्या मुलास ‘प्रीती म्हणजे काय?’ असे विचारले तर ते गप्प बसते. पण त्याच मुलाच्या हातावर एक लाडू ठेवून ‘यातला धाकट्या बहिणीला किती देशील?’ असे विचारले की त्याचा हात चालू लागतो, चेहरा विचारात पडतो, आणि कधी मोठा तुकडा आपल्याकडे, तर कधी मोठा तुकडा तिच्याकडे जातो. प्रीतीचा धडा तेथे खरा सुरू होतो. मोठ्या माणसांस शब्द पुरतात. लहान मुलांस वस्तू लागते, हात लागतात, आणि जवळ बसलेले आपले माणूस लागते. हे ध्यानात घेऊन, घरच्या घरी साध्या हस्तकलेच्या आधारे मुलांच्या मनात ख्रिस्ती मूल्ये कशी रुजवता येतील याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु आपल्या न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

शब्बाथशाळा पुरेशी आहे काय?

‘मुलांना आम्ही नेमाने शब्बाथशाळेत पाठवितो, मग घरी वेगळे काय करावयाचे?’ असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा हिशेबच करून पाहू. शब्बाथशाळा आठवड्यातून एक तास भरते. एकही रविवार न चुकता मूल गेले तरी वर्षाचे तास होतात ५२. मूल रोज बारा तास जागे असते असे धरले तर वर्षाचे जागेपणाचे तास होतात ४,३८०. म्हणजे शब्बाथशाळेच्या वाट्यास येणारा भाग शंभरात सव्वाही नाही. बाकीचे सारे तास घर, शाळा, अंगण आणि आता मोबाईल यांच्या ताब्यात आहेत. इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारच्या शाळांचे काम हाती घेतले तेव्हा आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांस वाचता यावे, शास्त्र कळावे, असा त्यांचा हेतू होता. आईबापांचे काम आपल्या शिरावर घ्यावे असा त्या शाळांचा दावा नव्हता आणि आजही नाही.

पवित्र शास्त्राची शिकवण तर याहून स्पष्ट आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर कधी बिंबवाव्यात हे सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यात मंदिराचा उल्लेख नाही, घराचा आहे. तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढताना पौलाने त्याची आजी लोईस आणि आई युनीके या दोघींची नावे घेतली. ज्या घरात आजी आहे त्या घराने हे विशेष ध्यानात ठेवावे.

शास्त्रातील कामकरी हात

हस्तकला म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. शास्त्रात मात्र हातांच्या कामास मोठा मान आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल या कारागिराची गोष्ट आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तेथे म्हटले आहे. आपला प्रभू स्वतः सुतार होता. पौल तंबू शिवीत असे. यापो येथील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा रडत रडत काय दाखवीत होत्या? तिने आपल्या हातांनी शिवलेली वस्त्रे. तिची साक्ष तिच्या टाक्यांनी दिली.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही याचे थोर उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या निराधार मुलींस नुसते आश्रयाला ठेवले नाही. त्यांच्या हातांस शिवण, विणकाम, शेती आणि छपाई अशी कामे दिली. रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते छापण्याचे कामही मुक्तीच्या छापखान्यातच झाले. ज्या हातांस कोणी विचारीत नव्हते, त्या हातांनी शास्त्राची खिळे-अक्षरे जुळविली!

लहान मुलांच्या शिक्षणात हस्तकलेस शास्त्रशुद्ध स्थान देण्याचे श्रेय जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्याकडे जाते. एका ल्यूथरपंथी पाळकाचा हा मुलगा. त्यांनी १८३७ साली बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. लोकरीचा चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, चटईसारखी कागदी वीण, मातीकाम ही त्यांची साधने होती. आपल्याकडे भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांचाच उपयोग केला. आपल्यालाही तोच मार्ग सोयीचा आहे.

पूर्वतयारी

आठवड्यातून एक वेळ ठरवावी. शनिवारची संध्याकाळ किंवा रविवारी उपासनेनंतर जेवण आटोपल्यावरची वेळ बरी. अर्ध्या तासाहून अधिक बसवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलास पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. गोष्ट पाच मिनिटांत संपवावी व उरलेला वेळ हातांस द्यावा. साहित्य घरातलेच घ्यावे: जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, नारळाच्या करवंट्या, रिकामे डबे, जुन्या लुगड्यांचे तुकडे, गोणपाट, भाताचे पिंजर, मैद्याची खळ आणि ओंजळभर माती. खानापूरकडे जाणे-येणे असेल त्यांनी तेथील कुंभाराकडून मळलेली माती आणावी. तिचे काम फार सुबक होते.

वडिलांनीही मुलांजवळ बसावे. हे काम आईचे असे समजून बाप वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेऊन बाजूस बसला, की मूल त्यातूनही एक धडा शिकते, आणि तो आपल्याला नको असलेला धडा असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुढे पाच उद्योग सांगितले आहेत. प्रत्येकात एक मूल्य आहे.

पहिला उद्योग: मूठडबा (दान)

एक रिकामा डबा घ्यावा. मुलाने त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवावा, हवे ते चित्र काढावे. रोज दोन वेळा भाताला तांदूळ घेताना आईने भांडे मुलापुढे धरावे आणि मुलाने आपल्या मुठीने एक मूठ उचलून डब्यात टाकावी. बस, एवढेच.

मुलाच्या मुठीत वीस-पंचवीस ग्रॅम तांदूळ मावतात. पंचवीस धरले तर दिवसाचे पन्नास ग्रॅम, महिन्याचे दीड किलो. वीस घरांनी असे केले तर महिन्यास तीस किलो तांदूळ जमतो. ही कल्पना नवी नाही. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली असाच मूठभर तांदूळ बाजूला काढण्याचा नेम सुरू केला. त्यास ते ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. त्यांच्या मंडळीच्या कार्यास या मुठींनी आजवर मोठा हातभार लावला आहे.

गोष्ट सांगावी ती विधवेच्या दोन टोल्यांची. श्रीमंतांनी आपल्या उरलेल्यातून टाकले, तिने आपल्या गरजेतून टाकले. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. भांड्यातून मूठ काढली म्हणजे त्या दिवशी भात किंचित कमी शिजावयास हवा. आईने मागाहून पुन्हा मूठभर तांदूळ घालून भांडे पूर्ववत केले तर मुलास दानाचा खेळ कळेल, दान कळणार नाही. आणि महिनाअखेरीस तो डबा मुलाने स्वतः उचलून पोहोचवावा. आपण कोणासाठी मूठ टाकीत होतो तो चेहरा त्याने पाहावा. पण देताना फोटो काढण्याचा मोह मात्र आवरावा. घेणाऱ्याच्या मानाची काळजी हाही दानाचाच भाग आहे.

दुसरा उद्योग: चार करवंट्या (ऐकणे आणि धीर धरणे)

पेरणाऱ्याचा दाखला मुलांस पाठ असतो. पण शहरातील पुष्कळ मुलांनी पेरणी पाहिलेली नसते. चार करवंट्या घ्याव्यात. मोठ्या माणसाने खिळ्याने प्रत्येकीच्या तळाशी एक भोक पाडून द्यावे. पहिलीत माती भरून ती मुलाने दगडाने ठोकठोकून टणक करावी, ही वाट. दुसरीत खडे भरून वर बोटभर माती पसरावी. ही खडकाळ जमीन. तिसरीत अंगणातील हराळी मुळांसकट लावावी. ही काटेरी जमीन. चौथीत भुसभुशीत माती व थोडे शेणखत घालावे. मग मसाल्याच्या डब्यातील मोहरी चारही करवंट्यांत सारखी टाकावी, चारही करवंट्या उन्हात खिडकीत ठेवाव्यात आणि सारखेच पाणी घालावे.

तीन ते पाच दिवसांत मोहरी उगवू लागते. पहिल्या करवंटीतील दाणे वरच राहतात. चिमण्या-साळुंक्या आल्या तर तेही उरत नाहीत. दुसरीतले रोप लवकर वर येते आणि मूल आनंदाने उड्या मारते. पण मुळांस खोली नसल्यामुळे कडक उन्हाच्या दिवशी तेच मान टाकते. तिसरीचा निकाल लागण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रोप मरत नाही, पण हराळी त्यास वाढू देत नाही. मूल रोज सकाळी पाहते व स्वतःच दाखल्याचा अर्थ लावू लागते.

दुसऱ्या करवंटीतील रोप सुकले की काही मुले रडतात. अशा वेळी रात्री गुपचूप चांगले रोप आणून लावण्याची दयाळू युक्ती पालकांस सुचते. ती करू नये. सत्य दडवून केलेले सांत्वन टिकत नाही. त्यापेक्षा खडे काढून, माती भरून, मुलाच्याच हाताने पुन्हा पेरावे. खडकाळ जमीनही सुधारता येते, ही केवढी आशेची गोष्ट आहे!

तिसरा उद्योग: वाकळेचे टाके (क्षमा)

आपल्याकडे कोणी तिला वाकळ म्हणतात, कोणी गोधडी, आणि आपले कन्नड शेजारी कौदी. आजीच्या जुन्या लुगड्याचे, बापाच्या फाटक्या सदऱ्याचे, बाळाच्या झबल्याचे तुकडे एकमेकांवर ठेवून धावदोरा घातला की पांघरूण तयार होते. पाच वर्षांच्या मुलास गोणपाट व बोथट टोकाची जाड सुई द्यावी. सात-आठ वर्षांच्या मुलास खरे कापड देता येते. मात्र शिवताना मोठे माणूस शेजारी असावे.

भावंडांचे भांडण झाले असेल त्या दिवशी हे काम काढावे. एक फाटका तुकडा दोघांच्या मधे धरावा. एकाने सुई वरून खाली द्यावी, दुसऱ्याने खालून वर. दोघांपैकी एक जरी रुसून बसला तरी टाका पडत नाही. काम झाल्यावर मुलांस दाखवावे की फाटलेली जागा दिसते आहे, पण आता ती ओढली तरी उसवत नाही. क्षमा म्हणजे झालेले झालेच नाही असे म्हणणे नव्हे; फाटलेले पुन्हा जोडणे होय.

भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्राने विचारले तेव्हा प्रभूने सातांस सत्तर वेळा गुणावयास सांगितले. मुलांस हा हिशेब टाक्यांनी करू द्यावा. सत्तर साते चारशे नव्वद. रोज पंचवीस टाके घातले तर चारशे नव्वद टाक्यांस वीस दिवस लागतात. बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाची मोज चुकते आणि ते ओरडते, ‘आई, किती झाले ते विसरलो!’ त्या क्षणाची वाट पाहावी. तेव्हा इतकेच म्हणावे, ‘प्रभूलाही तेच हवे होते.’ याहून अधिक प्रवचन करू नये.

चौथा उद्योग: शेजाऱ्याच्या नावाचे पत्र (शेजारप्रीती)

आपण सीमाभागात राहणारी माणसे. आपल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू या भाषा सुखाने नांदतात, आणि कधी त्यांच्यावरून मने दुखावतातही. मुलांच्या कानांवर दोन्ही गोष्टी पडतात. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते, ईदला शिरखुर्मा येतो, नाताळात आपले ताट त्यांच्याकडे जाते. या ताटावर ठेवण्यासाठी मुलांनी एक पत्र करावे.

जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पाने-फुले चिकटवावीत, किंवा भेंडी कापून तिचे रंगात बुडवून ठसे उठवावेत. मधोमध शेजाऱ्यांचे नाव लिहावे, आणि ते त्यांच्या लिपीत लिहावे. कन्नड येत नसेल तर शेजारच्या मुलास बोलावून त्याच्याकडून अक्षरे गिरवून घ्यावीत. उर्दू नाव उजवीकडून डावीकडे लिहावे लागते हे कळले की मुलांस मोठी गंमत वाटते. दुसऱ्याचे नाव त्याच्या अक्षरांत लिहावयास शिकणे म्हणजे त्याच्या दारात उभे राहून पाहणे होय.

गोष्ट अर्थातच चांगल्या शोमरोन्याची. यहुदी व शोमरोनी यांचे सख्य नव्हते, हे मुलांस आवर्जून सांगावे. नाहीतर गोष्टीतील खरी धार हरवते. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला याजक व लेवी पाहून पुढे गेले आणि ज्याच्याशी बोलणेही वर्ज्य, तो थांबला. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर प्रभूने दिले ते परक्या माणसाचे चित्र काढून. आपल्या मुलांनी ते उत्तर आपल्या गल्लीत द्यावे. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांच्या मुलखात याहून अधिक गरजेचा धडा मला तरी दिसत नाही.

पाचवा उद्योग: तारा आणि गोठा (प्रकाश व नम्रता)

नाताळपूर्वीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ, हा मुलांच्या हातांचा हंगामच होय. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न यांनी १८३३ साली गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचा आश्रम काढला. ‘नाताळ कधी येणार?’ असे मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी एका लाकडी चक्रावर रोजच्या दिवसांसाठी लहान आणि चार रविवारांसाठी चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. आज जगभर मंडळ्यांतून दिसणारे आगमनकाळाचे चक्र ते हेच. आपल्या घरी पितळी ताटात चार पणत्या मांडल्या, सभोवती हिरवी पाने ठेवली, की काम झाले. पणती मोठ्या माणसाने लावावी, प्रार्थना मुलाने म्हणावी.

तारा करण्याची रीत आपल्या आकाशकंदिलासारखीच आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांचे दोन पाचकोनी तारे बांधावेत. ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत आणि मधल्या पाच सांध्यांत तीन-तीन इंचांच्या पाच आखूड कामट्या आडव्या घालाव्यात, म्हणजे ताऱ्याचे पोट फुगते. वर पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. आत एलईडीचा लहान दिवा सोडावा. मेणबत्ती ठेवू नये. कामट्या तासण्याचे काम मोठ्यांचे, कागद चिकटविण्याचे मुलांचे. हा तारा एकट्याने बांधता येत नाही. कोणीतरी टोक धरावेच लागते. जर्मनीत नीस्की येथील मोरेव्हियन बांधवांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या अभ्यासातून असाच एक बहुकोनी तारा जन्मास आला. मोरेव्हियन घरांतून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तो सर्वांनी मिळून जोडण्याची रीत आहे.

गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिस यांच्यापर्यंत जाते. इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात १२२३ साली त्यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव प्रत्यक्ष उभे करून गावकऱ्यांस बेथलेहेम दाखविले. आपल्या गोव्यातील बांधवांच्या घरोघरी मुले हौसेने गोठा करतात आणि त्यातील हिरवळीसाठी आधी काही दिवस नाचणी पेरून ठेवतात. आपल्यातील काही घरांस मूर्तींचा संकोच वाटतो. त्यांनी मातीची गुरे व पिंजराची गव्हाणी एवढेच करावे. गोष्ट सांगण्यास तेवढे पुरते.

गव्हाणी मात्र रिकामी ठेवावी. कोणी चांगले काम केले की पिंजराची एक काडी तीत टाकावी, म्हणजे नाताळापर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण तयार होते. ही प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे; तीत एक बदल सुचवावासा वाटतो. मुलाने स्वतःच्या चांगल्या कामासाठी काडी टाकू नये. दुसऱ्याचे चांगले काम पाहिले की त्याच्या वतीने टाकावी. पहिल्या रीतीने मूल आपल्या पुण्याचा हिशेब ठेवू लागते. दुसऱ्या रीतीने त्याचे डोळे भावाचे, आजीचे, भांडी घासणाऱ्या बाईंचे चांगले काम शोधू लागतात. उजवा हात काय करतो हे डाव्यास कळू नये, ही प्रभूची शिकवण येथे आपोआप पाळली जाते.

काही पथ्ये

मुलाचे वाकडे काम आपण सरळ करू नये. तारा तिरका झाला तर तिरकाच लावावा. पाहुण्यांस दाखविण्यासाठी आईने रात्री बसून तो नीट केला, तर ‘तुझे चालत नाही’ एवढेच मुलास कळते.

बक्षीस लावू नये. कामासाठी चॉकलेट मिळू लागले की काम चॉकलेटचे होते. ‘छान!’ म्हणण्यापेक्षा ‘हा निळा रंग तू का घेतलास?’ असे विचारावे.

हस्तकलेस शिक्षेचे साधन करू नये. ‘खोटे बोललास ना, आता बस शिवत’ असे म्हटले की सुईचा आणि शास्त्राचा, दोहोंचाही तिटकारा येतो.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बिया, गोट्या देऊ नयेत. त्या घशात अडकतात. कात्री बोथट टोकाची असावी. थर्मोकोल व चमकी टाळावी. ज्या देवाने सृष्टी निर्माण केली त्याचा सण साजरा करून तिच्यातच कचरा टाकणे शोभत नाही.

आणि शेवटचे पथ्य भाषेचे. मुले शाळेत इंग्रजी शिकतात, बाहेर कन्नड बोलतात. दोन्ही भाषा त्यांस उत्तम याव्यात. पण प्रीती, कृपा, क्षमा, आशा, दाखला, गव्हाणी हे शब्द त्यांनी आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकावेत. हात कामात असताना कानांवर पडलेला शब्द फार खोल जातो. आपल्या मंडळीतील पुष्कळ मुले पुढे पुणे, बंगळूर, आखात किंवा त्याहूनही दूर जातील. आपण त्यांच्याबरोबर मंदिर पाठवू शकत नाही, न्यासाची इमारत पाठवू शकत नाही. वाकळ पाठवू शकतो, आणि वाकळेबरोबर शिवलेले शब्द पाठवू शकतो.

वेळ कोठून आणावा?

‘हे सारे खरे, पण दोघेही नोकरीला जातो, वेळ कोठून आणावा?’ ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अशांनी पाचांपैकी एकच उद्योग धरावा. मूठडब्यास दिवसातून एक मिनिट लागते. आजी-आजोबा घरात असतील तर चार करवंट्या त्यांच्याकडे सोपवाव्यात. एकाच चाळीत किंवा वसाहतीत राहणाऱ्या चार कुटुंबांनी आळीपाळीने शनिवार वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्यास महिन्यास एकच दिवस येतो. ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली आहेत अशा घरांनी शेजारच्या मुलांसाठी आपली ओसरी उघडावी. त्या घरासही बरे वाटेल, मुलांसही.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचे वर्णन आहे. पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, रणशिंग फुंकावे, आणि प्रत्येकाने आपापल्या वतनाकडे व आपापल्या कुटुंबाकडे परत जावे, अशी त्या वर्षाची आज्ञा होती. आपला न्यास सुवर्णमहोत्सव साजरा करीत असताना ही आज्ञा आपल्यासही लागू पडते असे वाटते. पन्नास वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या, औषधपाण्यास मदत झाली, सभागृह उभे राहिले. हे सारे वडील मंडळींच्या कष्टांचे फळ. पुढील पन्नास वर्षे हा भार जे उचलणार, ते आज चार-पाच वर्षांचे आहेत आणि त्यांच्या मुठीत पंचवीस ग्रॅम तांदूळ मावतात. येत्या शनिवारी एक रिकामा डबा काढावा, खळ शिजवावी, आणि त्यांना हाक मारावी.